डॉ. कोटणीस : चीनच्या युद्धभूमीवरचे सोलापूरकर



मागच्या पावसाळ्यात पूरग्रस्तांसाठी आपल्या शाळेत मदतपेटी फिरली होती. सातवीतल्या एका मुलीने पेटीत दहा रुपये टाकले आणि मला थांबवून विचारले की सर, हे तिथे नेऊन देतो कोण? मी घाईत होतो, काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. पैसे, कपडे, औषधे गोळा करणे आपल्या हातात असते. ती गरजवंताच्या हाती पडेपर्यंत मध्ये काय काय घडते, हे आपण क्वचितच विचारतो. पुराचे पाणी निदान दोन दिवसांत ओसरते. जिथे युद्ध चालू आहे, पूल पाडलेले आहेत, आगगाड्या शत्रूच्या ताब्यात आहेत, तिथे मदत कशी पोचत असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्याच मराठी माणसाचे चरित्र आठवले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. आमच्या पिढीला हे नाव सिनेमामुळे माहीत आहे, पण सिनेमातली कथा आणि खरी कथा यात फरक आहे. तो पुढे सांगेन.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला होते. घरात मुले-मुली मिळून मोठे कुटुंब, मध्यमवर्गीय परिस्थिती. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे आणि चळवळीचे गाव होते. १९३० च्या मे महिन्यात तिथे इंग्रज सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिले. कोटणीस त्या वेळी विशीतले तरुण होते. आपल्या गावातल्या चार माणसांना फाशी झालेली ज्याने ऐकली, त्याला दूरच्या देशावरचे आक्रमण परके वाटले नसावे, असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे, तो तसाच घ्यावा.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढचे शिक्षण चालू असतानाच चीनहून हाक आली.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्व शक्तीनिशी चढाई केली. महिन्यांतच पेकिंग, शांघाय, नानकिंग ही मोठी शहरे पडली. लाखो लोक घरदार सोडून आत आत पळाले. जखमी सैनिकांची संख्या अफाट आणि शिकलेले डॉक्टर फारच थोडे. अशा वेळी चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले आणि सुमारे बावीस हजार रुपये जमले. आपण स्वतः गुलाम असताना दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी जमवलेली ही रक्कम आहे. आजच्या भावाने तिची किंमत काढत बसण्यात अर्थ नाही.

त्या निधीतून एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते, म्हणजे पाचांत युद्ध पाहिलेले तेच. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर उपप्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांत दोन मराठी होते ही गोष्ट आपण विसरतो. चोळकरांचे नाव फारसे कुणी घेत नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून राजपुताना या बोटीने निघाले आणि १७ सप्टेंबरला दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरात उतरले. त्यांच्या स्वागताला सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग आल्या होत्या. इथून पुढे मुलांनी जरा नकाशा समोर घेऊन वाचावे.

कँटनहून ते उत्तरेला हँकाऊला गेले आणि तिथे चिनी रेडक्रॉसच्या पथकात काम करू लागले. ऑक्टोबरमध्ये काय झाले पाहा. २१ तारखेला कँटन जपानने घेतले. म्हणजे ज्या बंदरात हे लोक उतरले, ते पाच आठवड्यांत बंद झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस हँकाऊही पडले. पथक महिनाभर उशिरा निघाले असते तर ती रुग्णवाहिका कँटनला उतरलीच नसती. समुद्राची वाट गेल्यावर बाहेरून चीनला मदत पाठवायला ब्रह्मदेशातून जाणारा डोंगरी रस्ता हा एक मोठा आधार उरला. तोही १९४० मध्ये इंग्रजांनी जपानच्या दबावाखाली तीन महिने बंद ठेवला आणि १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तुटलाच. २०२३ पासून सुदान आणि गाझाच्या बातम्यांत आपण औषधांचे आणि पिठाचे ट्रक सीमेवर अडकल्याचे वाचले. हे काही नवीन नाही. युद्धात औषध कमी पडते ते नेहमी औषध नसते म्हणून नव्हे, वाट नसते म्हणूनही.

हँकाऊ सोडून पथक यांगत्से नदीच्या वाटेने इचांग आणि तिथून चुंगकिंगला पोचले. तिथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाला शेवटी 'हुआ' जोडले, म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. चीनमधली माणसे आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. सोलापुरात आई, मागे भावंडे, आणि हे हजारो मैलांवर. परत जायला कुणी अडवले नसते. ते गेले नाहीत. पथकाबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी येनानला पोचले. मुंबई सोडून साडेपाच महिने झाले होते. ज्या जखमींसाठी बोलावणे आले होते, त्यांच्यापर्यंत पोचायला एवढा काळ लागला. सातवीतल्या त्या मुलीला मी हे तेव्हाच सांगायला हवे होते.

येनान हे चिनी कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे होते. जपानी विमानांनी ते गाव बाँब टाकून जवळजवळ सपाट केले होते. लोक पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांत राहत. दवाखानाही गुहांतच. डोंगर अंगावर असल्यामुळे बाँबची भीती कमी, एवढीच सोय. वीज, पाणी, क्ष-किरण यंत्र या गोष्टी मुंबईच्या हॉस्पिटलात राहिल्या होत्या. पथकातले एकेक जण इथून परतू लागले. मुखर्जी आजारी पडले, चोळकर परतले, पुढे १९४० मध्ये प्रकृती बिघडल्याने अटलही. या तिघांना कमी लेखू नये. जे परत आले त्यांनीही घर सोडले होते, बाँब सोसले होते आणि जखमींच्या मलमपट्ट्या केल्या होत्या. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना बाकीच्यांना लहान करायची एक वाईट सवय आहे.

कोटणीस आणि बसू १९४० मध्ये आणखी पुढे गेले. शान्सी, चहार आणि होपेइ या प्रांतांच्या सीमेवरचा तो डोंगराळ मुलूख होता. सभोवती जपानी ठाणी, आगगाडीचे मार्ग जपान्यांच्या पहाऱ्यात, आणि मधल्या डोंगरांत चिनी गनिमी सैन्य. आपल्याकडच्या मुलांना गनिमी कावा वेगळा समजवायला नको. पण गनिमी युद्धात डॉक्टरने कसे काम करावे हे शिवकालाच्या पुस्तकात कुठे लिहिलेले नसते. मोठे हॉस्पिटल बांधले तर शत्रूला सापडते. जखमींना एका जागी ठेवले तर सगळेच एकदम मारले जातात. म्हणून जखमी शेतकऱ्यांच्या घरांत विखरून ठेवायचे, शत्रू आला की दवाखाना गाढवा-खेचरांवर लादून दुसऱ्या गावी न्यायचा.

ही पद्धत तिथे घालून देणारे डॉक्टर होते कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून. जखमीने डॉक्टरपर्यंत येण्याची वाट न पाहता डॉक्टरनेच आघाडीजवळ जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी खेचराच्या पाठीवर मावेल असा लाकडी सांगाडा तयार करून घेतला, त्यात शंभर शस्त्रक्रिया आणि पाचशे मलमपट्ट्यांचे सामान बसे. गावच्या सुतारांकडून मोडलेल्या पायांसाठी फळ्या आणि कुबड्या करून घेतल्या. गावकऱ्यांतून रक्तदाते उभे केले. कैद झालेल्या जपानी जखमींवरही त्यांनी उपचार केले. आणि हेच बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले, तेही गोळीने नव्हे. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखमेत पू झाला आणि विष रक्तात भिनले. पेनिसिलिन तेव्हा कुठेच बाजारात आले नव्हते. ज्या औषधांनी कदाचित ते वाचले असते ती त्या डोंगरात नव्हती. जखमींना औषध मिळत नाही तिथे डॉक्टरलाही मिळत नाही.

बेथ्यून यांची उणीव भरून काढायचे काम कोटणीसांकडे आले. १९४० च्या उत्तरार्धात चिनी सैन्याने जपानी रेल्वेमार्गांवर मोठे हल्ले केले. त्या लढायांत कोटणीसांनी तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केल्याचे सांगितले जाते, आणि एकदा तर सलग बहात्तर तास झोप न घेता ते शस्त्रक्रिया करीत राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. बसू येनानला परतले होते, त्यामुळे पाचांपैकी त्या मुलखात आता हे एकटेच.

मला शिक्षक म्हणून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग वाटतो तो हा की ते नुसते डॉक्टर राहिले नाहीत, मास्तरही झाले. शस्त्रक्रिया एका हाताने किती होणार? गावोगावची तरुण मुले-मुली घेऊन, त्यांना शिकवून, त्यांच्याकडून काम करवून घेतले तरच एवढ्या जखमींना पुरे पडणार. यासाठी कोटणीस चिनी भाषा शिकले, आणि नुसती बाजारहाटापुरती नव्हे, तर वर्गात उभे राहून शल्यशास्त्र शिकवता येईल इतकी. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीपर्यंत शिकलो. आमचे घरचे मराठीही मालवी वळणाचे, पुण्याच्या पाहुण्यांना त्याचे हसू येते. दुसऱ्या भाषेत विचार मांडताना जीभ कशी अडखळते हे मला ठाऊक आहे. आणि इथे हा सोलापूरचा तरुण तिशीत चिनी अक्षरे गिरवतो आहे! विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे एक पुस्तक त्यांनी लिहून पूर्ण केले, दुसरे लिहिता लिहिता अर्धे राहिले.

बाहेरून मदत येणे बंद होत गेले तसे हे शिकवणेच खरी मदत ठरले. १९४१ पासून जपानने त्या मुलखात गावेच्या गावे जाळण्याचे धोरण धरले. पिके, घरे, माणसे, काहीच मागे ठेवायचे नाही. चिनी सरकार आणि कम्युनिस्ट यांच्यातही बिनसले, आणि सरकारी बाजूने कम्युनिस्टांच्या मुलखाची नाकेबंदी केली. म्हणजे औषधे अडवणारे फक्त शत्रूच नव्हते. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या, एवढाच उपाय उरे. अशा वेळी एखादी औषधाची पेटी संपली की संपली, पण शिकवलेली मुलगी जखम बांधायला दुसऱ्या दिवशीही हजर असते.

त्याच रुग्णालयात क्वो चिंगलान नावाच्या परिचारिका शिकवीत असत. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात दोघांची पहिली भेट झाली होती. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचे लग्न झाले आणि २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव सुचवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता तो कठीण भाग. कोटणीसांना मिरगीचे, म्हणजे अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घ्यावी, उपचारासाठी दुसरीकडे जावे असे त्यांना सांगितले गेले. ते काम सोडून गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी एकामागून एक झटके येऊन त्यांचे निधन झाले. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा. होपेइमधल्या नानचुआन गावी त्यांना पुरण्यात आले आणि नंतर अवशेष शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा उद्यानात नेले. बेथ्यून यांची समाधीही तिथेच समोर आहे.

अनेक लेखांत त्यांच्या या हट्टाची स्तुती असते. मी ती करणार नाही. बागलीपासून पुंजापुरा-उदयनगरच्या घाटाकडची आमची काही मुले ताप आला तरी परीक्षा बुडू नये म्हणून येऊन बसतात आणि पालक कौतुकाने सांगतात. मुलांनो, आजार अंगावर काढू नका. कोटणीस दोन महिने कुठे उपचाराला गेले असते, तर कदाचित ते दुसरे पुस्तकही पूर्ण झाले असते. पण त्या डोंगरातून उपचाराला जायचे म्हणजे शत्रूचे पहारे ओलांडून जायचे, आणि मागे जखमी कुणाच्या भरवशावर सोडायचे हा प्रश्न होता. आपण इथे खुर्चीत बसून त्यांना दोष देणेही बरे नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि माझे मन अजून ठरलेले नाही.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे त्यांनी चीनमध्ये जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि कलकत्त्यात त्या उपचाराची सुरुवात केली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले होते आणि जयश्री चिंगलान. संगीत वसंत देसाई यांचे. आमच्या वडील मंडळींनी हा सिनेमा पाहिला होता आणि त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले की कोटणीस प्लेगवर उपाय शोधताना प्लेगनेच गेले. बरीच वर्षे मी वर्गातही असेच सांगितले. ते चूक होते. त्या वेळी शिकलेले विद्यार्थी आता पालक म्हणून हा अंक वाचत असतील, त्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.

यिनहुआचे पुढे काय झाले, हे सिनेमात नाही. तो वैद्यकीय शिक्षण घेत होता. तो वीस वर्षांचा झाला त्या वर्षी, १९६२ मध्ये, भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. ज्या मुलाच्या नावात दोन्ही देश होते, त्याला ते दिवस कसे गेले असतील? १९६७ मध्ये, डॉक्टर होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, चोवीस वर्षांचा असताना तो वारला. चिंगलान मात्र दीर्घायुषी ठरल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या कुटुंबाशी त्यांनी नाते राखले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीसांचे टपाल तिकीट काढले. शिजियाझुआंगमध्ये त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. सोलापुरात त्यांच्या घराच्या जागी स्मारक उभे आहे. दोन देशांत कितीही ताणाताणी झाली तरी चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत. आपल्याकडच्या किती पाठ्यपुस्तकांत ते आहेत, हे पालकांनी मुलांची दप्तरे उघडून पाहावे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. यंदाच्या मदतपेटीतली रक्कम पाठवताना ती कुणामार्फत, कुठे आणि कशी पोचली याची माहिती मागवून पुढच्या अंकात छापावी. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिलाच ती माहिती आणायच्या कामात सोबत घ्यायचे मी ठरवले आहे. तसेच १० ऑक्टोबरला, कोटणीसांच्या जयंतीच्या दिवशी, दुपारच्या सत्रात इयत्ता सहावी ते दहावीच्या मुलांना सभागृहात तो सिनेमा दाखवू. पालकांनाही आमंत्रण आहे. येताना नकाशाची वही आणावी, आणि प्लेगचा भाग आला की तो खरा मानू नये.